गॅरेजच्या फरशीवरचा तेलाचा डाग

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात. पहिली, दुसरी, तिसरी... अशा गल्ल्यांतून फिरताना जुन्या बंगल्यांच्या कडेला एक अरुंद, लांबट खोली अजूनही दिसते. तिलाच आपण गॅरेज म्हणतो. गाड्या दुरुस्त करणारे गॅरेज वेगळे. हे नुसते गाडी उभी करण्याचे. आमच्याही घराला असे एक गॅरेज आहे. त्यात एक मोटार, एक स्कूटर, मुलांच्या सायकली, पाण्याचा बंब आणि टाकवत नाही म्हणून ठेवलेले बरेच सामान असते. खाली जुन्या मोझेकच्या फरश्या आहेत.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आमची आई या गॅरेजमध्ये घसरून पडली. तिने सत्तरी ओलांडली होती. मोटारीखाली तेलाचा डाग होता, त्यावर पावसाचे पाणी आत आले होते आणि तिच्या पायात रबरी स्लीपर होती. मनगटाचे हाड मोडले. तिला प्लॅस्टर घालून घरी आणल्यावर मी त्या डागावर सूड उगवायचे ठरवले. दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणली आणि फरशीवर ओतली. फसफसून फेस आला. फेस येतो आहे म्हणजे डाग निघतो आहे, असे मला वाटले. भौतिकी शिकवणाऱ्या माणसाला असे वाटावे याची आज लाज वाटते. पाण्याने धुतल्यावर पाहतो तो काय, तेलाचा काळा डाग होता तिथेच होता. मात्र भोवतालच्या फरशीची चकाकी साफ गेली होती. आठवड्याभरात कोपऱ्यातल्या पान्यांवर आणि स्क्रू-ड्रायव्हरवर गंजही चढला, कारण अ‍ॅसिडची वाफ त्यांच्यापर्यंत पोचली होती.

राजारामपुरीला लागूनच शिवाजी उद्यमनगर आहे. लेथ, ऑइल इंजिने, ओतकाम यांच्या कारखान्यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. तिथल्या एका वयस्कर मेस्त्रींना मी ही हकीकत सांगितली. ते हसून म्हणाले, "सर, अ‍ॅसिड वतून त्याल जात न्हाई, फरशी जाती. त्याल पडल्या पडल्या भुसा टाकायचा. पाणी लावायचं न्हाई." त्यांच्या या तीन वाक्यांत रसायनशास्त्र आणि भौतिकी दोन्ही भरलेली आहेत. ती कशी, ते आता पाहू.

आधी फरशीची ओळख करून घेऊ. आपल्याकडे जमिनीवर मुख्यतः तीन प्रकारच्या फरश्या आढळतात. पहिली शहाबादी. ती कर्नाटकातल्या शहाबादच्या परिसरातला चुनखडीचा दगड कापून केलेली असते. राजस्थानातला कोटा दगडही याच जातीचा. दुसरी सिमेंटची. तिच्यात संगमरवराचे तुकडे घातले की मोझेक होते; रंगीत नक्षी छापली की जुन्या घरांतली नक्षीची फरशी होते. अशा फरश्या पूर्वी परदेशातून येत. स्वदेशीच्या काळात, १९२२ साली, मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज हा कारखाना सुरू झाला आणि त्या इथेच बनू लागल्या. या फरश्या भाजत नाहीत; साच्यात दाबून, पाणी मुरवून पक्क्या करतात. तिसरा प्रकार हल्लीचा, मातीपासून बनवून भट्टीत भाजलेल्या सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड फरश्यांचा.

शहाबादी दगड आणि संगमरवर हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट आहे. सिमेंटमध्येही चुन्याची संयुगे असतात. बाजारात फरशी धुण्याचे म्हणून मिळणारे अ‍ॅसिड बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोन्ही एकत्र आली की तुमच्या आठवीच्या पुस्तकातली क्रिया घडते:

कॅल्शियम कार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डाय-ऑक्साइड

मी पाहिलेला फेस म्हणजे हा कार्बन डाय-ऑक्साइड. तो डागातून निघत नव्हता, फरशीतून निघत होता. इंजिनचे तेल हे हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यावर या आम्लाचा काहीही परिणाम होत नाही. उलट तेलाने झाकलेल्या भागाला आम्ल स्पर्शच करू शकत नाही. म्हणून डाग राहिला आणि त्याच्या भोवतीची फरशी खाल्ली गेली!

किती खाल्ली गेली याचा हिशेब करून पाहा. ७३ ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्लाला १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पुरते. समजा, अ‍ॅसिडमध्ये वजनाने दहा टक्के आम्ल आहे. एक किलो अ‍ॅसिडमध्ये १०० ग्रॅम आम्ल, म्हणजे ते सुमारे १३७ ग्रॅम दगड विरघळवणार. संगमरवराची घनता २.७ धरली तर हे झाले ५१ घन सेंटिमीटर. ते एक चौरस मीटर, म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर जागेवर पसरले तर थर निघतो ०.००५ सेंटिमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. "एवढेच ना?" असे तुम्ही म्हणाल. पण चकाकी म्हणजे काय ते आठवा. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असतील तरच प्रकाशाचे नियमित परावर्तन होते. पिवळ्या-हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरचा सुमारे दोन हजारावा भाग असते. निघालेला थर तिच्या शंभरपट झाला! शिवाय तो सगळीकडे सारखा निघत नाही. संगमरवराचा तुकडा वेगळ्या गतीने झिजतो, सिमेंट वेगळ्या. राहते ती खडबडीत, छिद्रे उघडी पडलेली फरशी. पुढच्या वेळी तेल पडले की ते अधिक सहज आत शिरते.

व्हिट्रिफाइड फरशीला हे आम्ल सहसा काही करीत नाही. पण तिच्या सांध्यांत भरलेले सिमेंट तेच असते. सांधे खाल्ले गेले की त्यांतून पाणी खाली उतरते आणि काही काळाने फरशी सुटते.

आता मेस्त्रींच्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे भुशाकडे वळू.

सिमेंट कालवताना त्याला रासायनिक क्रियेसाठी लागते त्यापेक्षा जास्त पाणी घालावे लागते. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म वाटा राहतात. त्या केसापेक्षाही पुष्कळ बारीक असतात. बारीक नळीत द्रव आपोआप शिरतो, याला आपण केशाकर्षण म्हणतो. खडूचे टोक शाईत बुडवले की शाई वर चढते, ते याचमुळे. नळी जितकी बारीक तितकी ओढ जास्त. ओढीचा दाब काढायचा तर पृष्ठताणाची दुप्पट करून तिला त्रिज्येने भागावे. (द्रव भिंतीला पूर्ण भिजवतो असे येथे धरले आहे.) तेलाचा पृष्ठताण सुमारे ०.०३ न्यूटन प्रतिमीटर आहे. छिद्राची त्रिज्या मिलिमीटरचा हजारावा भाग धरा. दाब येतो ६०,००० न्यूटन प्रतिचौरस मीटर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक. एवढा दाब तेलाचा सात मीटर उंच स्तंभ तोलून धरील! फरशी तेलाला खाली ओढते ती अशा जोराने. गुरुत्वाकर्षणाचा भाग तिथे अगदी किरकोळ आहे.

मग थेंब पडताच क्षणात नाहीसा का होत नाही? कारण तेल दाट आहे. बारीक वाटेतून जाताना त्याच्या श्यानतेचा विरोध होतो. जसजसे तेल आत जाते तसतशी भिजलेली वाट लांबते, विरोध वाढतो आणि वेग मंदावतो. या गतीचे गणित वॉशबर्न या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडले. त्यातून निघालेला निष्कर्ष शाळकरी मुलालाही वापरता येईल इतका सोपा आहे: द्रव जितका आत शिरतो ते अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. समजा, पहिल्या मिनिटात तेल १ मिलिमीटर आत गेले. तर २ मिलिमीटरला ४ मिनिटे, ३ मिलिमीटरला ९ मिनिटे आणि १० मिलिमीटरला १०० मिनिटे लागतील. अर्थात वर तेलाचा साठा शिल्लक असेल तोपर्यंतच.

या एका नियमात डाग काढण्याची निम्मी युक्ती आहे. पहिल्या मिनिटाला जे नुकसान होते तेवढेच नुकसान व्हायला पुढे तीन मिनिटे लागतात, त्यापुढे पाच. म्हणून तेल सांडल्यावर "संध्याकाळी बघू" म्हणणे महागात पडते. वरचा साठा तत्काळ उचलला की आत ओढायला काही उरत नाही. आणखी एक गोष्ट. इंजिनचे तेल १०० अंश तापमानाला ४० अंशांच्या मानाने सुमारे सात-आठपट पातळ होते. प्रवासाहून नुकत्याच आलेल्या गाडीतून गळणारे थेंब असे पातळ असतात. थंड होण्यापूर्वी ते चटकन पसरतात. गाडी आत घेतल्यावर लगेच खाली वाकून पाहण्याची सवय म्हणूनच चांगली.

भुशात, कोरड्या मातीत किंवा खडूच्या भुकटीत कणाकणांमध्ये असंख्य बारीक वाटा असतात. वर पसरलेले तेल फरशीत जाण्याऐवजी या वाटांत जाते. एका अर्थी ही दोन केशनळ्यांमधली रस्सीखेच आहे. भुसा टाकून पायाने दाबावा, थोड्या वेळाने पत्र्याने खरवडून उचलावा आणि पुन्हा कोरडा टाकावा. तेलकट भुसा पेटतो. तो बंब पेटवायला घरात साठवू नये.

आणि पाणी का नको? तेल पाण्यापेक्षा हलके. पाणी ओतले की ते वर तरंगते आणि हातभर असलेला डाग खोलीभर होतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावरच्या डबक्यात जे इंद्रधनुष्यी रंग दिसतात ते अशाच पसरलेल्या तेलाचे. तिथे थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असते. जाडी ०.०००३ मिलिमीटर धरली तर एक घन सेंटिमीटर तेल तीन चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापते. गॅरेज धुतलेले हे पाणी गटारात जाते आणि शहराची गटारे शेवटी नदीला मिळतात. कोल्हापूरचा जयंती नाला पंचगंगेकडेच जातो. निथळलेले जुने तेल डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला द्यावे.

डाग जुना झाला असेल तर? येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वयंपाकघरातला तेलकटपणा धुण्याच्या सोड्याने जातो, म्हणून इंजिनचे तेलही जाईल असे पुष्कळांना वाटते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल हे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचे संयुग आहे; अल्कामुळे त्याचा थोडाफार साबण बनतो आणि तो पाण्याबरोबर जातो. खनिज तेलात असा बंधच नाही, त्यामुळे त्याचा साबण होत नाही. त्याला वेगळा साबणच लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे झुकणारे, दुसरे तेलाकडे. तेलाचे बारीक थेंब करून त्यांना वेढून टाकण्याचे काम हे रेणू करतात. सोड्याचा उपयोग इतकाच की बोअरचे पाणी दुष्फेन असले तरी साबण वाया जात नाही.

माझ्या गॅरेजमधला डाग मी शेवटी काढला तो असा. आधी केरसुणीने धूळ झाडली. ही पायरी कधीही गाळू नका. धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात. मोहच्या काठिण्य-मापावर क्वार्ट्‌झचा क्रमांक ७, तर संगमरवरातल्या कॅल्साइटचा ३. तशीच ओली फडकी फिरवणे म्हणजे पॉलिशकागदाने फरशी घासणे होय. मग डागाच्या भोवतालची फरशी साध्या पाण्याने भिजवली. छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असली की साबणात मिसळलेले तेल बाजूला शिरत नाही. डागावर गरम पाण्यातला साबण आणि थोडा सोडा ओतून नायलॉनच्या ब्रशने घासले. तारेचा ब्रश नको. त्याचे तुकडे मागे राहतात आणि गंजाचे नवे डाग पडतात. हे पाणी फडक्याने टिपून घेतले. नंतर मुलतानी माती त्याच साबणपाण्यात दाटसर कालवून बोटभर जाडीचा लेप दिला आणि वर प्लॅस्टिकचा कागद झाकला. दुसऱ्या दिवशी कागद काढून लेप वाळू दिला. लेप वाळतो तेव्हा पाणी त्याच्या पृष्ठभागावरून उडते, फरशीतले पाणी त्याची जागा घ्यायला वर येते आणि साबणाने सुटलेले तेल बरोबर आणते. ज्या केशाकर्षणाने तेल आत नेले त्यालाच ते बाहेर आणायला लावायचे! वाळलेला लेप तपकिरी झाला होता. एका लेपाने डाग गेला नाही. चौथ्या लेपानंतर फिकट सावली उरली, ती अजूनही आहे. अ‍ॅसिडने गेलेली चकाकी मात्र घासणीचे मशीन आणून पुन्हा पॉलिश केल्याशिवाय यायची नाही, आणि तो खर्च मी अद्याप केलेला नाही.

डाग निघावा म्हणून पेट्रोल वापरणारे लोक मी पाहिले आहेत. पेट्रोलात तेल विरघळते हे खरे. पण उणे ४० अंशांच्या आसपासच्या तापमानालाही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ देते, आणि ही वाफ हवेच्या तीन-चारपट जड असते. ती उडून न जाता पाण्यासारखी जमिनीलगत पसरते, दाराखालून शेजारच्या खोलीतही जाते. तिथे बंब पेटलेला असेल किंवा कोणी बटण दाबले तर एका ठिणगीने सर्व खेळ संपेल. बंद गॅरेजमध्ये पेट्रोलने फरशी पुसणे कोणत्याही परिस्थितीत करू नये. तसेच अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर ही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

फरशी राखायची तर डागांइतकेच भाराकडेही लक्ष हवे. मोटार जड म्हणून ती फरशी फोडील आणि स्कूटर हलकी म्हणून सोडील, असे आपल्याला वाटते. दाब काढून पाहा. मोटारीच्या चाकातली हवा चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाबाची असते, तेव्हा टायर फरशीवर साधारण तेवढाच दाब देतो. हजार किलोची गाडी मिळून ५०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. आता ११० किलोची स्कूटर मधल्या स्टँडवर लावा. निम्मे वजन, ५५ किलो, स्टँडच्या दोन पायांवर आले आणि प्रत्येक पाय एक चौरस सेंटिमीटर टेकला असे धरले तर दाब होतो २७ किलो, म्हणजे मोटारीच्या तेरापट! फरशीखाली पोकळी असेल तर ती इथेच तडकते. लाकडी दांडक्याने ठोकून पाहा. पोकळ फरशीचा आवाज घुमतो. स्टँडखाली लाकडाची फळी ठेवली की दाब वाटला जातो. जॅक लावतानाही हेच.

आता आईच्या घसरण्याकडे येतो, कारण सगळे प्रकरण तिथून सुरू झाले. सपाट जमिनीवर साध्या चालीने चालायला पाऊल आणि फरशी यांच्यात सुमारे ०.२ घर्षणगुणांक लागतो. कोरड्या फरशीवर रबराला याहून पुष्कळ जास्त घर्षण मिळते. तेल किंवा पाणी मध्ये आले की रबर आणि फरशी यांचा प्रत्यक्ष स्पर्शच होत नाही. मधला पातळ थर भार तोलतो आणि द्रवाचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. गॅरेजच्या फरशीला मेण लावून चमकवू नये ते याचसाठी. तिथे थोडी खरखरीत फरशीच बरी. दाराकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार असला तर आत आलेले पाणीही साचत नाही.

हा गुणांक तुम्ही घरी मोजू शकाल. फरशीचा एक फुटी तुकडा घ्या. बांधकामाच्या जागी शिल्लक तुकडे मिळतात. जुन्या स्लीपरचा चौकोन कापून त्यावर ठेवा, वर एखादे छोटे वजन चिकटवा. फरशीचे एक टोक सावकाश उचला. रबर सरकू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची आणि दोन्ही टोकांमधले जमिनीवरचे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागले की घर्षणगुणांक मिळाला. समजा, ३० सेंटिमीटरची फरशी १८ सेंटिमीटर उचलल्यावर रबर सरकले. पाया पायथागोरसच्या प्रमेयाने २४ सेंटिमीटर येतो, म्हणून गुणांक ०.७५. आता तीच फरशी पाण्याने ओली करून, मग साबणाच्या पाण्याने, शेवटी तेलाचा हात फिरवून मोजा. प्रत्येक वेळी पाच वाचने घ्या आणि सरासरी काढा. मोझेक, शहाबादी आणि व्हिट्रिफाइड या तिन्हींसाठी तक्ता करा. वर्गात गट पाडून हा प्रयोग दोन तासिकांत होतो, असा माझा अनुभव आहे.

त्याच तुकड्यांवर दुसराही प्रयोग करता येईल. प्रत्येकावर गोड्या तेलाचा एक थेंब टाका आणि १, ४, ९, १६ मिनिटांनी डागाचा व्यास मोजा. व्हिट्रिफाइड फरशी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. तिच्यावरचा थेंब पुसला की जागा स्वच्छ होईल. मोझेकवर काय होते ते पाहा, आणि व्यास काळाच्या वर्गमुळासमोर मांडून आलेख काढा. आलेख सुरुवातीला सरळ येईल आणि पुढे वाकेल. तो का वाकतो, याचे उत्तर वर एका छोट्या वाक्यात येऊन गेले आहे.